चिखलदऱ्याचं धुकं, नागपूरच्या गच्चीवर

नागपुरात डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्सची टेकडी. त्यामुळे मी चिखलदऱ्याला स्वतः काढलेले फोटो समोर ठेवूनच तैलरंगात डोंगर रंगवायला शिकलो. पहिल्या चित्रात मागची रांग गडद हिरवी रंगवली, तर ती थेट पुढ्यात येऊन बसली!

लांबचा डोंगर निळसर दिसतो, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. म्हणून आधी आभाळ, मग सगळ्यात मागची रांग. आभाळासाठी कालवलेल्या रंगातच थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. डोळे किलकिले करून पाहा, रांग जेमतेम दिसली की पुरे. पुढे येताना पांढरा कमी करत जा, हिरवा-तपकिरी वाढवा.

खरी गंमत पायथ्याशी. रंग ओला असतानाच मऊ, कोरडा ब्रश डोंगराच्या खालच्या कडेवरून आडवा, अगदी हलक्या हाताने फिरवा. दर फटकाऱ्यानंतर फडक्याला पुसा. माथ्याची कड मात्र शाबूत ठेवा, धुकं दरीत साचतं. जास्त घोटलंत तर नुसता चिखल उरतो, दरा गायब.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल. उलट केलं तर पुढे तडे जातात. टर्पेंटाइनच्या वासाला मोकळी हवा हवी आणि मे महिन्यात खिडकी उघडली की लू आत. म्हणून मी पहाटे पाचलाच गच्चीवर बसतो. कूलरसमोर बसू नका, धूळ उडून ओल्या आभाळाला चिकटते.