गच्चीवरच्या रोपघराला विजेविना ऊब

मुंबईची थंडी ती केवढी! पण जानेवारीत बोरिवली-आरे भागात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरला की मिरची-वांग्याचं बी रुसतं. त्याला २५ ते ३० अंश लागतात. हीटर नको, उन्हात तापलेल्या पाण्यावर भागतं.

२० लिटरचे चार कॅन बाहेरून काळे रंगवून, पाण्याने भरून रोपघरात उन्हाच्या बाजूला ठेवा. ८० लिटर पाणी रात्रीत १० अंशांनी निवलं तर जवळपास १ युनिट विजेएवढी उष्णता आतच सुटते. झाकणं घट्ट हवीत, नाहीतर डासांची पैदास ठरलेली. वजन ८० किलो होतं, म्हणून गच्चीखाली तुळई असेल तिथेच कॅन ठेवा.

रोपघराचं आच्छादन २०० मायक्रॉनच्या यूव्ही (उन्हात टिकणाऱ्या) प्लास्टिकचं. ट्रेखाली थर्माकोल जरूर घाला, कारण गार लादी मुळांची ऊब ओढून घेते. साडेचारला, ऊन असतानाच पडदे पाडा; अंधारल्यावर पाडले तर कोंडायला ऊबच उरत नाही. वरून गोणपाट.

सकाळी नऊला मात्र उघडाच. दमट हवा कोंडली की रोपं बुडाशी कुजून कोलमडतात, आणि दुपारी आत चाळिशी सहज ओलांडते. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी नको.