भाडेकरू निवडताना: आधीच्या घरमालकाला फोन कसा करायचा

"माणूस बघितला की कळतं" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आपल्यासारखं बोलणारा माणूस आपल्याला आपोआप बरा वाटतो आणि भेदभाव तिथेच सुरू होतो.

जाहिरात टाकायच्या आधीच अटी लिहून काढा. भाडं उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत, जास्तीत जास्त किती माणसं, प्राणी चालतील की नाही. अटी सगळ्यांना त्याच, आणि त्यात बसणारा पहिला जो येईल त्याला घर. जात, धर्म, लग्न झालंय का, मूलबाळ, हे गप्पांच्या ओघातसुद्धा विचारायचं नाही. बऱ्याच देशांत अशा कारणांवरून घर नाकारणं बेकायदा आहे, आणि तसंही भाडं वेळेवर येण्याशी त्याचा काय संबंध?

कागदपत्रं सोपी आहेत. सॅलरी स्लिपवरची हातात पडणारी रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये जमा दिसली पाहिजे, बास. स्वतःचा धंदा असेल तर टॅक्स रिटर्न. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं वेळेवर फेडली का याची नोंद, लेखी परवानगीशिवाय काढू नका.

खरी गोची आधीच्या घरमालकाला फोन करण्यात आहे. मला हे जमायला बराच वेळ लागला, कारण आत्ताचा घरमालक खरं बोलेलच असं नाही. डोकेदुखी जाणार असेल तर तो तोंड भरून कौतुक करतो, आणि डिपॉझिटवरून वाद चालू असेल तर चांगल्या माणसाचंही वाटोळं करतो. म्हणून मी त्याच्याही आधीच्याला फोन करते, त्याला आता खोटं बोलून काही मिळायचं नसतं. आत्ताच्याला करायचाच असेल तर भाडेकरूला विचारून करा, घर सोडतोय हे त्याने अजून सांगितलेलं नसतं बऱ्याचदा.

दिलेला नंबर मित्राचाही असू शकतो. त्यामुळे "ते दोन वर्षं होते ना तुमच्याकडे?" असं उत्तर तोंडात घालणारं विचारूच नका. कधीपासून कधीपर्यंत होते, भाडं किती, ते विचारा आणि गप्प बसा. खरा मालक आठवून सांगतो, मित्र चाचपडतो. मग ते जुन्या अ‍ॅग्रीमेंटशी आणि स्टेटमेंटमधून दर महिन्याला गेलेल्या भाड्याशी ताडून बघा. पुढे भाडं उशिरा आलं का, नोटीस दिली का, डिपॉझिटमधून काही कापलं का, आणि शेवटी "परत घर द्याल का?" इथे तो अडखळला तर का ते विचारा. "तसले लोक आहेत हो" असलं काही सुरू झालं की विषय बदला, ते निर्णयात धरायचं नाही.

पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्याला आधीचा मालक कुठून असणार? जामीनदार चालेल का ते अटी लिहितानाच ठरवा, माणूस बघून नाही.

नकार दोन ओळींत लिहून कळवा, कुठली अट बसली नाही ते सांगून. कुणाला का नाही म्हटलं याची नोंद जपून ठेवा, पण त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो, स्लिपा गरज संपली की डिलीट करा, व्हॉट्सअ‍ॅपमधूनसुद्धा.