अर्धवट ऑनलाइन गेम टेस्ट करायला कोणाला बोलवायचं?

समजा तुम्ही मेंढीकोटचा ऑनलाइन गेम बनवताय. चार जण, समोरासमोर भिडू, हुकूम आणि दश्श्या पकडायच्या. बिल्ड, म्हणजे गेमची आत्ताची कच्ची आवृत्ती, कसाबसा चालतोय, पत्ते वाटले जातात, मधेच क्रॅश होतो. आता टेस्टर पाहिजेत, आणि इथे बरेच जण काय करतात तर मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकून मोकळे होतात, सगळे इन्स्टॉल करतात, "भारी झालाय रे" म्हणतात आणि दोन दिवसांनी टेबलवर चिटपाखरू नसतं. लिंक टाकायच्या आधी ठरवा की ह्या आठवड्यात आपल्याला नेमकं काय कळायला हवंय, माणसं त्यावरून निवडायची.

सुरुवातीला कळायला हवं असतं की नवीन माणूस कुठे अडकतो. त्यासाठी गर्दी नको. वेबसाइट आणि सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करायचं ह्याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं की वापरण्यातल्या बहुतेक अडचणी समोर येतात, आणि माझ्या मते छोट्या टीमला हे फार सोयीचं आहे. पण पाचही एकाच छापाचे नकोत. घरी सतरंजीवर वर्षानुवर्षं मेंढीकोट खेळलेली पण फोनवर कधीच न खेळलेली मावशी घ्या, आणि दिवसभर लुडो खेळणारा पण मेंढीकोट म्हणजे काय हे माहीत नसलेला पोरगाही घ्या. पोरगा चौकटची उतारी असताना बदामाची राणी दाबतो, पान जात नाही, परत दाबतो, हातात चौकट आहे म्हणून जात नाहीये हे स्क्रीन सांगतच नाही, तो बॅक दाबून बाहेर. मावशीला हे विचारावंच लागत नाही, पण तिची पंधरा सेकंदं विचार करण्यात जातात आणि टायमर तिच्या हातातलं पान स्वतःच टाकून देतो, ती वैतागते. दोघं वेगळ्या जागी अडकले, म्हणून दोघंही हवेत. शेजारी बसा आणि काहीही सांगू नका, अगदी जिभेवर आलं तरी.

आणि हे नीट लक्षात ठेवा, पहिल्यांदा बघणारी नजर एका माणसाकडून एकदाच मिळते. ओळखीत पंधरा जण तयार असतील तर पाचच वापरा, बाकीच्यांना स्क्रीनशॉटसुद्धा दाखवू नका, ट्युटोरियल सुधारल्यावर ते लागणार आहेत.

एकाच घरातली किंवा एकाच गावची माणसं घेऊ नका. कुणाकडे हुकमाचं पान झाकून ठेवतात, कुणाकडे रंग संपला की जे पान टाकाल तोच हुकूम. सगळे एकाच पद्धतीचे असले तर तुम्हाला वाटेल नियम बरोबर आहेत, आणि लाँचनंतर निम्मे लोक म्हणतील गेम चुकीचा आहे.

पुढच्या टप्प्यात खरा ऑनलाइनचा त्रास सुरू होतो. चारातला एक गळाला की तिघं लटकतात, त्यामुळे इथे हुशारीपेक्षा वेळ पाळणं महत्त्वाचं. रात्री नऊ ते दहा नक्की येणारे सहा जण हे "कधीही सांग" म्हणणाऱ्या तीसपेक्षा कामाचे. दोन जास्तीचे ठेवायचेच. त्यात एक तरी तीन जीबी रॅमचा जुना फोनवाला असू दे, आणि एक लोकलने किंवा एसटीने रोज प्रवास करणारा, कारण बोगद्यात रेंज गेल्यावर त्याची जागा राहते का, भिडूला काय दिसतं, हे ऑफिसच्या वायफायवर कधीच कळणार नाही. आणि मुद्दाम एक लबाड जोडी बोलवा. प्रत्यक्षात खुणा करतात तसं हे दोघं फोन चालू ठेवून एकमेकांना पत्ते सांगणार, तसं करा असंच त्यांना सांगा आणि बाकीच्या दोघांची चिडचिड कधी सुरू होते ते बघा.

निवडायला छोटा फॉर्म पुरतो. "तुम्हाला गेम आवडतात का" असलं विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटचा कुठला गेम डिलीट केलात आणि का, फोन कुठला, रोज कोणत्या वेळी मोकळे असता, एवढंच. "का" ह्याला जो दोन ओळी नीट लिहितो तोच उद्या बग पण नीट लिहून देतो. वयही विचारा, १८ खालच्या मुलांना आईवडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्ले स्टोअरचं वेगळं बघा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं पर्सनल डेव्हलपर अकाउंट असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी क्लोज्ड टेस्टमध्ये, म्हणजे फक्त बोलावलेल्यांच्या टेस्टमध्ये, किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस राहावे लागतात, आधी हा आकडा २० होता. मधे कुणीतरी बाहेर पडतंच, म्हणून अठरा-वीस घ्या. "तू माझा कर मी तुझा करतो" वाले ग्रुप असतात, त्यातून आकडा भरेल पण एकही डाव पूर्ण खेळला जाणार नाही, आणि प्रॉडक्शनसाठी, म्हणजे गेम सगळ्यांसाठी खुला करायला, अर्ज करताना टेस्टिंगमधून काय कळलं हे गूगल विचारतं, तिथे लिहिणार काय?

आणि जे न सांगता गायब झाले त्यांना सोडू नका. कुठल्या डावात गेले ते लॉगमध्ये, म्हणजे गेमने ठेवलेल्या नोंदींमध्ये, बघा आणि सरळ फोन करा, राग न धरता, "कुठे कंटाळा आला?" एवढंच विचारा. कौतुक करणाऱ्या दहा जणांच्या मेसेजपेक्षा ह्या दोन मिनिटांच्या फोनमधून जास्त कळतं.