भुईमुगावर केवडा: लोह टाकण्याआधी मुळाकडे बघा

भुईमूग पिवळा दिसला की पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. तो आवरा, आणि पिवळी पडलेली पानं शेंड्याची आहेत की बुडाची, एवढं आधी बघा.

आमचं रान फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर. काळी भारी जमीन, नांगर घातला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. असल्या जमिनीत उन्हाळी भुईमुगावर केवडा येतो, म्हणजे लोह न मिळाल्याने पानं पिवळी पडतात, आणि उसाच्या खोडव्यावर तर हमखास. कृषीची पदवी घेऊन मी या घरात आले, तेव्हापासून भावकीतली पिवळी पानं आमच्या ओसरीवर येतात. धाकटे दीर तर बांधावरूनच विचारतात, "वहिनी, युरिया मारू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं, "भाऊजी, आधी पान आणा."

पान असं वाचायचं. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून नत्राची ओढ बुडाच्या पानांवर दिसते. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथं शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. लोह मात्र एकदा ज्या पानात बसलं तिथून सहसा हलत नाही. मुळाकडून नवं येणं थांबलं की शेंड्याचं पान उपाशी आणि खालची पानं हिरवीगार, असं चित्र दिसतं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, जोर वाढला तर सगळं पान कागदासारखं पांढरं. शिरांसकट अख्खं कोवळं पान सारखंच फिकं असेल तर गंधकाचा संशय घ्या. भेंडीवरच्या केवड्याशी याची गल्लत करू नका. तो विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते, आणि तिथं उलटं असतं: शिरा पिवळ्या, मधला भाग हिरवा. त्याला लोह मारून पैसे जातील, दुसरं काही होणार नाही.

तरी खात्री होत नसेल तर पान रंगवून बघा. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम लिंबू आम्ल आणि 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा, त्यात थेंबभर धुण्याचा साबण टाका. पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर कापसाने हे पाणी लावा, उरलेला अर्धा कोरा ठेवा, झाडाला दोरा बांधून ठेवा. जस्ताचा संशय असेल तर शेजारच्या झाडावर झिंक सल्फेटचं पाणी लावा. आठवडाभरात लावलेला भाग हिरवा व्हायला लागला तर निदान पक्कं. युसेब ग्री नावाच्या फ्रेंच माणसाने 1840च्या दशकात द्राक्षाच्या पिवळ्या पानांवर लोहाचं पाणी लावून हेच दाखवलं होतं. माझ्या मते शेतकऱ्याच्या हातात असलेली याहून स्वस्त तपासणी नाही.

पानं प्रयोगशाळेत पाठवून अहवालावर भरवसा ठेवणाऱ्यांना एक सांगते. पिवळ्या पानातलं एकूण लोह कधीकधी हिरव्या पानाइतकंच, नाहीतर जास्तच निघतं. लोह पानापर्यंत पोचलेलं असतं, पण कामाला येत नाही. म्हणून पाठवायचंच असेल तर ताज्या पानातलं "क्रियाशील लोह" मोजता का, हे आधी विचारा. मातीच्या अहवालात डीटीपीए या रसायनाच्या पद्धतीने काढलेलं लोह किलोला 4.5 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. पण त्याच कागदावरचे सामू (पीएच) आणि मुक्त चुन्याचे आकडे मी आधी वाचते.

कारण जमिनीत लोह भरपूर आहे. एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 9 लाख किलो माती भरते. त्यात 4 टक्के लोह धरलं तरी 36 हजार किलो झालं, आणि पिकाला लागतं एक-दोन किलो. गच्च भरलेल्या कणगीला कुलूप असावं तशी ही गत. मातीतलं लोह गंजाच्या रूपात असतं आणि सामू एकाने वाढला की त्याची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते. आमच्या 8.2 सामूच्या रानात ते पाण्यात जवळपास उतरतच नाही.

मग मूळ काय करतं? भुईमूग, हरभरा, सोयाबीन, संत्रं, द्राक्ष यांची मुळं आधी स्वतःभोवती आम्ल सोडतात. मग मुळाच्या पृष्ठभागावरचं एक विकर (एन्झाइम) लोहाला एक इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे फेरिकचं फेरस होतं. त्यानंतर आयआरटी1 नावाचं प्रथिन ते फेरस लोह आत ओढतं. तिन्ही कामं कोवळ्या, पांढऱ्या मुळीच्या टोकाजवळ होतात. चुनखडीच्या जमिनीत पाणी तुंबलं की पहिलंच काम फसतं: मुळांच्या श्वासातला कर्बवायू मातीत कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट होतो, आणि मुळाने सोडलेलं आम्ल तिथल्या तिथं मारून टाकतो. वाफसा नसलेल्या रानात केवडा का चढतो, याचं उत्तर इथं आहे. विहिरीच्या पाण्यातच बायकार्बोनेट जास्त असेल तर प्रत्येक पाळीला तेच होतं.

ऊस, मका, गहू, बार्ली यांची रीत निराळी. ही गवतं मुळातून म्युजिनिक आम्लासारखे पदार्थ सोडतात. ते गंजातलं लोह पकडतात आणि मूळ ती जोडी तशीच आत घेतं. जपानच्या ताकागींनी 1976 साली ओट आणि भाताच्या मुळांच्या धुवणात हा प्रकार दाखवला. बार्ली तर हे पदार्थ सूर्योदयानंतरच्या काही तासांत ओतते. ज्वारी या बाबतीत कंजूष, म्हणून चुनखडीत ती लवकर पिवळी पडते.

आणि लोह पुरेसं झालं की झाड ही सगळी यंत्रणा मागे घेतं. मोकळं लोह पेशीला घातक असतं, म्हणून जास्तीचं फेरिटिन नावाच्या प्रथिनात कोंडून ठेवतं. कोकणातल्या तुंबलेल्या भातखाचरांत उलटाच प्रश्न येतो. तिथं हवा नसल्याने लोह आपोआप विरघळतं, आणि भात पानांतून मुळांकडे हवा पोचवून लोहाला मुळाबाहेरच गंजवतो. उपटलेल्या भाताच्या मुळांवरचा तांबूस लेप तोच.

उपासमारीच्या काळात आयआरटी1 फक्त लोहच आत घेत नाही. जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि कॅडमियमसुद्धा त्याच वाटेने शिरतात. म्हणून पिवळ्या पिकावर दिसेल ती सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी ओतू नका. ज्याची कमतरता नाही तेही त्या वाटेने आत जातं.

आता उपाय. पहिला उपाय फुकट आहे: पाणी थांबवा. वाफसा येऊ द्या, मग हलकी कोळपणी करून माती मोकळी करा. पुढच्या हंगामाला गादीवाफ्यावर पेरा आणि तुषारने मोजकं पाणी द्या. सपाट वाफ्यात पाट फोडून दिलेलं पाणी भुईमुगाला मानवत नाही, निदान आमच्या जमिनीत तरी नाही.

दुसरं, फवारणी. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस आणि 15 ग्रॅम लिंबू आम्ल. क्रम महत्त्वाचा: आधी पाण्यात लिंबू आम्ल, ते विरघळल्यावर हिराकस. विहिरीच्या पाण्यात नुसतं हिराकस टाकलं तर थोड्याच वेळात पाणी तांबूस होतं, म्हणजे लोह गंजलं. ते पाणी फवारून पानावर डाग पडतील, बाकी काही नाही. हिराकस घेताना पुडीत बघा: फिकट हिरवे खडे हवेत. पिवळट-तपकिरी भुकटी झालेलं घेऊ नका, दुकानदार कितीही स्वस्त देवो. द्रावण लगेच वापरा, आदल्या रात्री कालवून ठेवू नका. ऊन कलल्यावर फवारा, दुपारी मारलं तर पान करपतं. आधी एका वाफ्यावर मारून दोन दिवस बघा. 12:61:00 किंवा 0:52:34 सारखी स्फुरदाची खतं त्यात मिसळू नका, लोह आणि स्फुरद मिळून साका होतो. मारलेलं लोह नव्या पानात जात नाही, म्हणून 8-10 दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं, बहुतेक वेळा दोन-तीनदा.

आमच्या सासूबाई ताकात लोखंडी खिळे मुरवून ते फवारायला लावायच्या. त्यात तथ्य आहे, ताकातलं आम्ल लोह विरघळवतंच. किती विरघळलं ते मात्र कळत नाही, म्हणून मी हिराकसच तोलून घेते.

जमिनीतून द्यायचं असेल तर हिराकस नुसतं फेकू नका. चुन्याशी गाठ पडली की ते गंजून बसतं. एकरी 10 किलो हिराकस 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून 5-6 दिवस सावलीत मुरवा आणि ओळीशेजारी चरात द्या. चिलेटचं लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं लोह, घेणार असाल तर डब्यावर त्या रेणूचं नाव वाचा. ईडीटीएचं लोह साडेसहाच्या सामूपर्यंतच टिकतं. वर गेलं की कॅल्शियम लोहाला हुसकावून त्याची जागा घेतं. डीटीपीएचं साडेसातपर्यंत. चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचएच हवं. ते महाग आहे, पाण्यात गडद लाल दिसतं, आणि उन्हात विघटतं, म्हणून फवारायचं नाही, ठिबकमधून मुळाशी द्यायचं. नुसत्या लाल रंगावर विश्वास ठेवू नका, "ऑर्थो-ऑर्थो" (लोह सगळ्यात घट्ट धरणारा प्रकार) किती टक्के ते डब्यावर शोधा. भुईमुगाला हा खर्च परवडत नाही असं माझं मत आहे. द्राक्ष किंवा संत्र्याच्या बागेला परवडेल.

"गंधक टाकून सामूच उतरवू" असं सुचवणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. 9 लाख किलो मातीत 10 टक्के चुना म्हणजे 90 हजार किलो चुना. तो संपवायला साधारण 29 हजार किलो गंधक लागेल, एकरी. त्यापेक्षा थोडं गंधक ओळीजवळच्या पट्ट्यात द्या, मुळाभोवतीच्या मातीचा सामू तेवढा उतरतो. नत्र द्यायचंच असेल तर नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेट घ्या. अमोनियम घेताना मूळ बदल्यात आम्ल सोडतं, नायट्रेट घेताना उलट. जिप्समने केवडा जात नाही. तरीही आऱ्या (फुलातून जमिनीत उतरणारे, शेंग धरणारे दांडे) सुटताना भुईमुगाला जिप्सम द्यायचंच, कारण वाढत्या शेंगेला कॅल्शियम झाडाकडून मिळत नाही, ती स्वतः मातीतून शोषते.

वाणाचाही फरक पडतो. टीएजी 24 चुनखडीत लवकर पिवळं पडतं, आयसीजीव्ही 86031 तग धरतं. भुईमुगात मक्याच्या ओळी घेतल्या तर केवडा कमी होतो, असं उत्तर चीनमधल्या चुनखडीच्या शेतांत दिसलंय. मक्याने सोडवलेलं लोह शेजारच्या मुळालाही मिळतं. फक्त मका विरळ ठेवा, भुईमुगावर सावली नको.

खोडव्याबाबत मात्र घाई नको. ऊस तुटल्यावर जुनी मुळं मरत असतात आणि नव्या फुटव्यांची मुळं अजून धरलेली नसतात, म्हणून कोंब पांढरे निघतात. बगला फोडा, पाणी बेताने द्या. नवी मुळं सुटली की बरेचदा रंग आपोआप भरतो. दोन-तीन आठवड्यांनंतरही पोंग्यातून येणारं पान पांढरंच असेल तर वरचीच फवारणी घ्या, आणि द्रावण पोंग्यात उतरेल असा नोझल धरा.