पायाला आरी बांधून झाडावर चढताय? या चुका टाळा

मे संपत आला की नागपुरात फांद्या उतरवायच्या कामांना ऊत येतो. मृगाच्या आधी, नवतपाच्या उन्हात, पारा ४५च्या आसपास असताना आम्ही कडुनिंबावर नाहीतर गुलमोहरावर चढलेले असतो. बरेच जण अजूनही आरी सुतळीने कमरेला लटकवतात. ती झोके घेते, फांदीत अडकते आणि सगळ्यात वाईट म्हणजे कमरेच्या दोराला घासते. त्यापेक्षा पोटरीला म्यान बांधून त्यात आरी ठेवणं कितीतरी चांगलं. पण म्यान बांधलं की झालं, असं समजून चढू नका. मी तसाच चढलो होतो.

धरमपेठेतल्या एका अंगणातला कडुनिंब होता. पंधराएक फुटांवर मी उजवा पाय फांदीवर टाकला. टाच गुडघ्याच्या वर गेली, म्यानाचं तोंड खाली झालं आणि आरी सुळकन निसटली. खाली दोर धरून पोरगा उभा होता. "सरक बे बाजूला!" एवढंच ओरडता आलं. आरी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतली. त्या दिवशी काम तिथंच थांबवलं.

तेव्हापासून चढण्याआधी जमिनीवरच एक परीक्षा घेतो. म्यान बांधून पाठीवर झोपायचं, पाय वर करायचे आणि जोरात झटकायचे. आरी हलली तरी ती झाडावर न्यायची नाही. म्यानाची पकड सैल झाली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून म्यानाला अडकवा आणि मुठीवरून घ्या. अंगठ्याने सरकवलं की सुटतं, आपोआप सुटत नाही. खालच्या माणसाला हेल्मेट द्या आणि फांदीखाली उभं राहू देऊ नका. परीक्षेत पास झालेली आरीसुद्धा कधी हातातून सुटू शकते.

दुसरी चूक पट्ट्याची, आणि ही मला सगळ्यात जास्त दिसते. एकच पट्टा, तोही पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर. पोटरी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे घाम आला की पट्टा घसरणारच. मग म्यान फिरून नडगीवर येतं आणि प्रत्येक पावलाला खोडावर आपटतं. पट्टे दोन हवेत: एक गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरीचा फुगवटा सुरू होण्याआधी, आणि दुसरा घोट्याच्या वर. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच ताण ठेवा. जास्त आवळला तर अर्ध्या तासात पाऊल बधिर होतं आणि बधिर पावलाला फांदी कळत नाही. वेल्क्रोचा पट्टा असेल तर त्यातला भुसा जुन्या टूथब्रशने काढत जा, नाहीतर त्याची पकड जाते. बक्कल असेल तर उत्तमच. उघड्या पायावर म्यान बांधू नका, जाड फुलपँट घाला. घामाने कातडी सोलवटते ती दुसऱ्या दिवशी चढू देत नाही.

म्यान पायाच्या बाहेरच्या बाजूला असावं, कारण आतल्या बाजूने आपण खोड धरतो. मूठ गुडघ्याच्या वर येता कामा नये. आरी घेण्याआधी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मोजून घ्या. मध्यम उंचीच्या माणसाला ३०० ते ३३० मिलिमीटरचं पातं बसतं. त्याहून लांब घेतलं तर टोक घोट्याच्या खाली जाऊन फांद्यांत अडकतं. लोखंडी काटे बांधून चढत असाल तर पोटरीवर आधीच त्यांचे पट्टे असतात. अशा वेळी म्यान मांडीवर घ्या, एकावर एक पट्टे चढवू नका.

आरी काढताना फारसं कुणाला लागत नाही, लागतं ते परत ठेवताना. नजर वर कापलेल्या फांदीवर आणि हात खाली चाचपडतोय! टोक म्यानाच्या तोंडात जाण्याऐवजी पँटमधून पोटरीत जातं. या आरीची जखम सुरीसारखी सरळ नसते, दाते मांस फाडत जातात. म्हणून आधी तोल सांभाळा, मग म्यानाकडे पाहा, टोक म्यानाच्या बाहेरच्या काठाला टेकवा आणि तिथून आत सरकवा. दुसऱ्या हाताने म्यानाचं तोंड धरू नका.

आरी म्यानात अडकत असेल तर बहुतेक वेळा दोष डिंकाचा असतो. बाभूळ किंवा कडुनिंब कापल्यावर तो पात्यावर बसतो, त्यावर भुसा चिकटतो. रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या फडक्याने पातं मुठीकडून टोकाकडे पुसा, वाळवा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. निळसर-काळ्या टोकांचे दाते असतील तर कानस लावत बसू नका. ते कडक केलेले असतात, कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. बोथट झाले की पातंच बदलायचं.

मोच्याकडून चामड्याचं किंवा चपट्या केलेल्या पीव्हीसी पाइपचं म्यान करून घेत असाल तर तळाला छोटं भोक ठेवायला सांगा, पातं बाहेर येणार नाही एवढंच. भुसा आणि पाणी तिथून निघून जातं. पहिला पाऊस अंगावर घेऊन घरी आलात तर त्या रात्री आरी आणि म्यान वेगवेगळे ठेवा, म्यान तोंड खाली करून खुंटीला टांगा.