केकवर वाघ बसवायचा असेल तर

केक २५ डिसेंबरला कापायचा असेल, तर वरचे प्राणी १८-१९ तारखेलाच वळून ठेवा. बहुतेक घरांत उलटं चालतं: केक पुढ्यात घेतात आणि मग वाघाची शेपटी वळायला बसतात. आयसिंगचा प्राणी वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि ओल्या पायांवर तो उभा राहत नाही.

केकची घाई नाही. मेवा रममध्ये भिजवला असेल तर महिन्याच्या सुरुवातीलाच भाजून, बटर पेपर आणि वरून फॉइल गुंडाळून ठेवा. संत्र्याच्या रसात भिजवणाऱ्यांनी मात्र इतका आधी भाजू नये, तो तितका टिकत नाही. मेवा, टुटीफ्रुटी नागपूरच्या इतवारी बाजारातून आणा. मार्झिपानसाठी (बदामपूड आणि साखरेचा मळलेला गोळा) बदामाऐवजी काजू चालतो आणि तोही तुकडाच घ्या. वाटूनच टाकायचा आहे, अख्ख्या काजूचे पैसे कशाला?

प्राण्यांसाठी लागेल ते असं: अर्धा किलो पांढरा फाँडंट (कणकेसारखं मळून वळता येणारं साखरेचं आयसिंग), सीएमसी पावडर (फाँडंट घट्ट करून कडक वाळवणारी खायची पावडर), जेल रंग (पातळ रंगाने गोळा चिकट होतो), कॉर्नफ्लोअर, चमचाभर डालडा, बारीक ब्रश, टूथपिक, स्ट्रॉ आणि कच्ची स्पॅगेटी. पाव किलो फाँडंटला एक छोटा चमचा सीएमसी मळून गोळा रात्रभर झाकून ठेवा. रंगही तेव्हाच मिसळा, सकाळपर्यंत तो गडद होतो. काळा रंग घरी करत बसू नका, तयार काळा फाँडंट आणा. पांढऱ्यात ओतून केलेला काळा हात, दात, सगळंच रंगवतो.

आता प्राणी कोणते? पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं इतक्या जवळ असताना नागपूरच्या केकवर पेंग्विन का उभे करायचे, हे मला कळत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने रानगवा घ्यावा. अंग गडद तपकिरी, पाय जाड, गुडघ्याखाली पांढरे मोजे. आकार चुकला तरी मोज्यांवरून ओळखू येतो. चितळाचे पाय बारीक, म्हणून त्याला बसवूनच टाका. पाठीवरचे ठिपके टूथपिकचं टोक रॉयल आयसिंगमध्ये (अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं, वाळल्यावर कडक होणारं) बुडवून देता येतात.

वाघाला वेळ द्या. धडाला साठेक ग्रॅमचा गोळा, डोक्याला पंचवीस. केशरीत किंचित तपकिरी मिसळा, नाहीतर तो संत्रा बर्फीच्या रंगाचा होतो. गाल आणि पोट पांढरं. हसू स्ट्रॉच्या तिरप्या कापलेल्या टोकाने दाबून उमटवा. मान जोडायला आत स्पॅगेटीचा तुकडा घाला. टूथपिक घालू नका, कारण डोकं कोणतं तरी पोरगं थेट तोंडात टाकणारच. कानांची मागची बाजू काळी आणि मधोमध पांढरा ठिपका, हे विसरू नका. पट्टे अंग पूर्ण वाळल्यावरच रंगवा, आणि जेल रंग पाण्यात नव्हे तर दोन थेंब व्होडकात कालवा. पाण्याने साखर विरघळते आणि पट्टे पसरतात. व्होडका नको असेल तर काळ्या फाँडंटच्या बारीक पट्ट्या चिकटवा.

आपली डिसेंबरची हवा कोरडी, त्यामुळे गोळा हातातच फाटायला लागतो. पंखा बंद ठेवा, लागेल तेवढंच बाहेर काढा, बाकीचं प्लास्टिकमध्ये. तळहाताला डालडा लावा. कॉर्नफ्लोअर जास्त झालं तर भेगा वाढतात. झालेले प्राणी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, उन्हात नको आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो.

२१ला केक उलटा ठेवा, म्हणजे सपाट बाजू वर येते. खड्डे मार्झिपानने बुजवा, गरम करून गाळलेला संत्र्याचा मार्मलेड लावा, वर मार्झिपान. हा थर वगळू नका. फ्रूट केकचा तपकिरी डाग पांढऱ्या आवरणातून वर येतो. दोन दिवस वाळू द्या. २३ला मार्झिपानवर उकळून गार केलेल्या पाण्याचा ब्रश फिरवून फाँडंट चढवा. आठ इंची केकला पाऊण किलोच्या आसपास लागतो.

प्राणी २४ला रॉयल आयसिंगने चिकटवा. अंडं न खाणाऱ्यांनी आयसिंग शुगर लिंबाच्या रसात घट्ट कालवावी. केक दुसऱ्याच्या घरी न्यायचा असेल तर प्राणी वेगळ्या खोक्यात न्या, वाटेतले स्पीड ब्रेकर वाघाची मान ठेवत नाहीत. आयसिंगचा कोन, ब्रश आणि स्पॅगेटीचे दोन-चार तुकडे पर्समध्ये टाका आणि तिथे पोहोचल्यावरच चिकटवा.