कॅराव्हॅनच्या नव्या बॅटऱ्या कशा भराव्यात आणि कशा जोडाव्यात

आमच्या कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरच्या पहिल्या दोन बॅटऱ्या चौदा महिन्यांत गेल्या. वापर तसा कमीच होता. साताऱ्याहून कास, पाचगणी, बामणोली, महिन्याला फार तर एक फेरी. शेवटच्या फेरीत बामणोलीला पाण्याकाठी मुक्काम होता. रात्री साडेदहाला पंखा मंदावला आणि थोड्या वेळाने फ्रिजही गप्प झाला. परत आल्यावर पोवई नाक्याजवळच्या एका जुन्या मिस्त्रींना बॅटऱ्या दाखवल्या. त्यांनी हायड्रोमीटर (ॲसिडचा दाटपणा मोजणारी काचेची नळी) लावला, सहाही सेल, म्हणजे बॅटरीचे आतले कप्पे पाहिले आणि म्हणाले, "दादा, बॅटरी वाईट नव्हती. तुम्ही तिला पहिल्या दिवसापासून अर्धपोटी ठेवलीत."

ते खरं होतं. बॅटरी वापरली की प्लेट्सवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण बसतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ते परत ॲसिडमध्ये जातात. दर वेळी चार्जिंग अर्ध्यावर सोडलं, तर उरलेले कण कडक होत जातात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. आम्ही दुकानातून बॅटऱ्या आणल्या, त्याच संध्याकाळी जोडल्या आणि गाडी चालताना आपोआप भरतील असं धरून चाललो. पुढच्या जोडीला हे होऊ दिलं नाही. ते कसं, ते सगळं इथे लिहितो.

आधी हिशोब, मग खरेदी

एका दिवसाला वीज किती लागते ते वॉट-अवरमध्ये मांडा. आमचा हिशोब असा: पाच वॉटचे चार एलईडी पाच तास म्हणजे १००, बारा व्होल्टवर चालणारा २८ वॉटचा पंखा नऊ तास म्हणजे साधारण २५०, कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज चोवीस तासांत ४००, मोबाइल-लॅपटॉप १००, पाण्याचा पंप २५. एकूण ८७५. त्याला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागलं की ७३ एएच (अँपिअर-अवर). शिशाच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त उपसायचं नाही, हे धरलं तर दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या उन्हाशिवायही दोन दिवस निभावतात.

ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते ती, नळीसारख्या प्लेट्सची शिशाची बॅटरी) स्वस्त आणि टिकाऊ आहे. पण भरलेली एकेक पन्नास-साठ किलोची असते आणि चार्ज होताना गॅस सोडते. दोन बॅटऱ्यांचं क्विंटलभर वजन ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवलंत, तर यवतेश्वरच्या घाटात ट्रेलर शेपटीसारखा हलेल. ते चाकांच्या थोडं पुढे यावं आणि हुकवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के राहावा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी निम्म्याहून हलकी, तिच्यातून ऐंशी टक्के सहज वापरता येतं, पण किंमत बरीच. आम्ही ट्युब्युलर घेतल्या, म्हणून पुढचं बरंचसं त्यांच्याबद्दल आहे.

दुकानात तीन गोष्टी पाहा. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि शक्यतो एकाच बॅचच्या हव्यात. छापलेली उत्पादनाची तारीख जुनी नको, कारण बॅटरी शेल्फवर नुसती पडूनही उतरते आणि उन्हाळ्यात जास्तच. तिसरी गोष्ट मल्टीमीटर. तो बरोबर न्या. काही न जोडलेली बॅटरी १२.५ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर दुसरी मागा. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराकडेच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या रिसायकलिंगसाठी परत जायला हव्यात, आणि वर पैसेही वजा होतात.

पहिलं चार्जिंग, प्रत्येकीचं वेगळं

घाई सर्वांत महाग पडते ती इथे. दुकानदार "फुल आहे, लावा" म्हणाला तरी घरी आणून पहिल्यांदा पूर्ण भरा, आणि दोन्ही जोडण्याआधी एकेक करून भरा. एक भरलेली आणि एक थोडी उतरलेली अशा दोन बॅटऱ्या पॅरललला, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लावल्या, की भरलेली दुसरीला एकदम करंट देते. चार्जरला मात्र दोघींची सरासरीच दिसते, त्यामुळे कोण मागे राहिली ते कळत नाही.

जागा मोकळी हवी. अंगण किंवा दारं उघडी असलेलं गॅरेज. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. आपल्याकडे नवी वस्तू आली की हळद-कुंकू, उदबत्ती आणि नारळ आलाच. पूजा जरूर करा, पण चार्जिंग सुरू करण्याआधी आणि ट्रेलरच्या हुकाजवळ. बॅटरीवर उदबत्ती किंवा निरांजन ठेवू नका, टर्मिनलवर नारळाचं पाणी सांडू देऊ नका. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. चष्मा लावा. जवळ बादलीभर पाणी आणि खायच्या सोड्याची पुडी ठेवा. ॲसिड कपड्यावर किंवा फरशीवर सांडलं तर सोड्याचं पाणी ओता. डोळ्यात गेलं तर फक्त साधं पाणी, सलग पंधरा मिनिटं, आणि लगेच डॉक्टर.

झाकणं उघडून पाणी बघा. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आत्ता घाला. बाकीची पातळी चार्जिंग संपल्यावर भरायची, कारण चार्ज होताना पाणी फुगून वर येतं आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर पडतं. नळाचं, बोअरचं किंवा आरओचं पाणी चालत नाही. ॲसिड तर कधीच घालायचं नाही.

चार्जरवर करंट क्षमतेचा दहावा हिस्सा ठेवा, म्हणजे दीडशे एएचला १५ अँपिअर. चार्जर तीन टप्प्यांचा हवा. आधी तो पूर्ण करंट देतो, मग १४.४ व्होल्टवर थांबून करंट हळूहळू कमी करतो आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर नुसतं धरून ठेवतो. घरच्या इन्व्हर्टरमध्ये ट्युब्युलरचं सेटिंग असेल तर तोही चालतो. गॅरेजमधला जुना साधा चार्जर मात्र व्होल्टेज कुठे थांबवायचं ते ओळखत नाही. त्यावर रात्रभर बॅटरी सोडून झोपू नका.

किती तास लागतील, हा प्रश्न सगळेच विचारतात. तासांवर जाऊ नका, बॅटरी स्वतः सांगते. आमची पहिली बॅटरी दुपारी दोनला लावली होती. संध्याकाळी सातला तिच्यात बारीक बुडबुडे सुरू झाले, आमसुलाच्या आंबटपणासारखा पण नाकाला झोंबणारा वास यायला लागला आणि चार्जरचा करंट १५ वरून ६ वर आला. मला वाटलं झालं. हायड्रोमीटरने पाच सेल १.२३० च्या आसपास दाखवले आणि टोकाचा सहावा फक्त १.२०५. तिथेच काढली असती तर तो सहावा सेल जन्मभर मागे राहिला असता. आणखी साडेतीन तास लागले. रात्री साडेदहाला सहाही सेल १.२४० ला आले आणि करंट तीन-साडेतीन अँपिअरवर स्थिरावला.

म्हणून खूण अशी: एकेक तासाच्या अंतराने तीन वेळा रीडिंग घ्या. तिन्ही वेळा सगळ्या सेलचा आकडा तोच राहिला तरच बॅटरी भरली. किती आकडा यायला हवा ते बॅटरीवर किंवा वॉरंटी कार्डावर छापलेलं असतं. इन्व्हर्टरच्या बऱ्याच ट्युब्युलरला १.२४० असतो, गाडीच्या बॅटरीला १.२८० पर्यंत. सगळे सेल वर आले आणि एकच २५ पॉइंटांहून (म्हणजे ०.०२५ हून) जास्त मागे राहिला, तर वॉरंटीत परत करण्याची वेळ आत्ताच आहे. सगळी रीडिंगं तारखेसह वहीत लिहा, पुढे त्यांच्याशीच तुलना करायची असते.

चार्जर काढल्यावर बॅटरी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी व्होल्टेज बघा. दोघींमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसेल तरच जोडा.

जोडणी

बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पॅरलल: प्लस प्लसला, मायनस मायनसला. ट्रेलरकडे जाणाऱ्या दोन्ही केबल एकाच बॅटरीवरून काढण्याची चूक फार जण करतात. मग जवळची बॅटरी जास्त काम करते आणि लवकर थकते. प्लसची केबल पहिल्या बॅटरीवरून आणि मायनसची दुसऱ्या बॅटरीवरून, अशी तिरकी काढा. म्हणजे करंटला दोन्हीकडून सारखाच रस्ता मिळतो.

जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. काढताना मायनस आधी. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज असलाच पाहिजे. आमच्या ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर साधारण ७० अँपिअर जातात, म्हणून २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणि १०० अँपिअरचा फ्यूज टाकला. लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हातोडीने ठोकून बसवू नका, क्रिम्पिंगच्या मशीनवर दाबून घ्या. ढिला लग तापतो आणि आग तिथूनच लागते. नट घट्ट झाले की टर्मिनलला पेट्रोलियम जेली चोपडा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे तो चुकून प्लस-मायनसवर आडवा पडला तरी शॉर्ट होणार नाही.

बॅटऱ्यांची पेटी राहण्याच्या भागापासून बंद हवी. हवा आत यायला खाली भोक आणि गॅस बाहेर जायला वरून पाइप थेट ट्रेलरच्या बाहेर. पेटीत बॅटऱ्या पट्ट्यांनी आवळा. पसरणीचा घाट उतरताना साठ किलोची बॅटरी सरकली तर केबल तुटते किंवा केस फुटतो.

गाडीवरून चार्जिंग: आमची खरी चूक

गाडीपासून ट्रेलरला जाणाऱ्या सात पिनच्या प्लगात चार्जिंगची वायर असते. आमची अडीच स्क्वेअर एमएमची होती. अल्टरनेटरपासून (गाडीच्या इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून) ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत नऊ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन अठरा. तांब्याच्या या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७.४ मिलिओम, अठरा मीटरला ०.१३ ओम. १५ अँपिअर गेले की दोन व्होल्ट वाटेतच संपतात. अल्टरनेटरचे १४.२ बॅटरीपाशी १२.२ होतात. एवढ्यावर १५ अँपिअर तर जात नाहीतच, चारसहा अँपिअर रखडत जात राहतात आणि बॅटरी कधीच भरत नाही. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर तर पेट्रोल-डिझेल वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतात.

१६ स्क्वेअर एमएमची वेगळी केबल टाकली, दोन्ही टोकांना फ्यूज लावला आणि ट्रेलरच्या बाजूला बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) बसवला. आता वाटेत जेमतेम ०.३ व्होल्ट जातात आणि ते हा चार्जर भरून काढून बॅटरीला नीट १४.४ देतो. त्याला चालू करणारी वायर इग्निशनवर घ्या, नाहीतर गाडी उभी असताना तो गाडीचीच बॅटरी उपसेल.

सोलरचं थोडक्यात. छतावरचं ३०० वॉटचं पॅनेल निरभ्र दिवशी हजारेक वॉट-अवर देतं, आमचा रोजचा खर्च त्यात निघतो. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना उलट.

सेटिंग: हवेप्रमाणे

१४.४ हा आकडा २५ अंशांसाठी आहे. तापमान एका अंशाने वाढलं की बारा व्होल्टच्या बॅटरीला साधारण ०.०२४ व्होल्ट कमी हवेत. मे महिन्यात सांगलीकडे ४० अंशांत उभे असाल तर १५ अंशांचे ०.३६ व्होल्ट वजा होऊन जवळपास १४.० च पुरतात. तिथे १४.४ ठेवले तर पाणी भराभर उडतं. चार्जरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा, भिंतीला नको.

लिथियम घेतली असेल तर चार्जरवर तिचंच सेटिंग निवडा, इक्वलायझेशन (सेल समान करायला मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद ठेवा आणि शून्य अंशाखाली चार्जिंग करू नका. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकला पहाटे दवबिंदू गोठतात. तिथे उघड्यावर मुक्काम असेल तर ऊन वर आल्यावरच चार्जर लावा. दोन लिथियम जोडण्याआधीही दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरायच्या.

पावसाळ्यात

जून ते ऑगस्ट आमचा ट्रेलर गोडोलीत शेडखाली उभा असतो. सगळं बंद केलं तरी स्टिरिओ, गॅसचा अलार्म असलं काहीतरी ०.१ अँपिअर पीत राहतं. म्हणजे दिवसाला २.४ एएच आणि दोन महिन्यांत जवळजवळ दीडशे, दोन्ही बॅटऱ्यांचा निम्मा साठा. म्हणून मायनसवर कटऑफ स्विच बसवा आणि उभं करताना तो बंद करा. तरीही महिन्यातून एकदा बॅटऱ्या चार्जरवर लावून पूर्ण भरा, पाण्याची पातळी बघा आणि सहाही सेलची रीडिंग वहीत लिहा. गणपती झाल्यावर कासच्या फुलांसाठी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं रीडिंग घेतो आणि ते पहिल्या रात्रीच्या १.२४० शी ताडून बघतो.